लावणीचे आठ दिवस, खुर्चीतले बाकीचे: रोजच्या कॅलरींचा हिशेब कसा मांडावा

आहाराचं कुठलंही ॲप उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुम्ही बैठं काम करता, थोडे सक्रिय आहात, मध्यम सक्रिय की खूप सक्रिय? सोमवार ते शुक्रवार टेबलाशी बसून हिशेब लिहायचे, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी चालायला जायचं, रविवारी दापोलीहून हर्णैपर्यंत सायकल न्यायची आणि जुलैत आठ दिवस पोटरीभर चिखलात भाताची लावणी करायची, अशा बाईने यातलं काय निवडावं? मी ‘खूप सक्रिय’ निवडलं. डोळ्यांसमोर लावणी होती, रविवारचा चढ होता. मधले दिवस मी धरलेच नाहीत. ॲपने रोजचा आकडा २१००च्या वर सांगितला, मी तो मनापासून पाळला, आणि जूनपासून गणपतीपर्यंत वजन दोन किलोंनी वाढलं.

वर्षभर एकसारखं काम करणाऱ्याला एक शिक्का पुरतो. कोकणात तसं जगणारी माणसं थोडी. इथे कामाला हंगाम आहे आणि व्यायामाला वार आहे. म्हणून मी शिक्का निवडणं सोडून दिलं आणि हिशेबाचे दोन भाग केले. रोज लागतं ते ‘पाया’, आणि एखाद्या दिवशी जास्त लागतं ती ‘भर’. हे दोन वेगळे ठेवले की दिवस कसेही बदलोत, गोंधळ होत नाही. पहिल्यांदाच असा हिशेब करणाऱ्यासाठी तो सगळा इथे ओळीने मांडते आहे.

लागणारं सामान थोडं आहे: वजनकाटा, मोजपट्टी, स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, एक वही आणि चार आठवड्यांचा धीर. आणखी एक गोष्ट आधीच सांगते. पाकिटावर किंवा बोलण्यात आपण जिला ‘कॅलरी’ म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी असते. पुढे मीही सवयीने कॅलरीच म्हणेन.

पायरी १: झोपून राहिलात तरी किती लागेल

काहीही न करता पडून राहिलं तरी हृदय, फुप्फुसं, मेंदू, यकृत चालूच असतात, अंगाची ऊब टिकवायची असते. या खर्चाला बीएमआर म्हणतात. बैठं काम करणाऱ्याच्या दिवसभराच्या खर्चातला निम्म्याहून बराच मोठा वाटा हाच असतो. तो काढायला आज सर्वांत जास्त वापरलं जाणारं सूत्र मिफ्लिन-सेंट जिओर यांचं आहे, १९९० सालचं:

पुरुष: (१० × वजन किलोत) + (६.२५ × उंची सेंटिमीटरमध्ये) − (५ × वय) + ५
स्त्री: (१० × वजन किलोत) + (६.२५ × उंची सेंटिमीटरमध्ये) − (५ × वय) − १६१

माझं वजन ६० किलो, उंची १५७ सेंटिमीटर, वय ३८. म्हणजे ६०० + ९८१ − १९० − १६१ = १२३०.

१९१९ सालचं हॅरिस-बेनेडिक्ट हे जुनं सूत्रही अजून ठिकठिकाणी दिसतं. ते बहुधा थोडा चढा आकडा देतं, म्हणून मी वापरत नाही. मिफ्लिनचं सूत्रही अमेरिकेतल्या लोकांना मोजून बसवलेलं आहे आणि आपल्याकडच्या अंगकाठीला तेही किंचित जास्त सांगण्याची शक्यता असते. माणसागणिक दहा टक्के इकडेतिकडे धरून चाला. शेवटच्या पायरीत हा फरक आपण काट्यावरून पकडणार आहोत, त्यामुळे इथे दशांश मोजत बसू नका.

वयाबद्दल एक गैरसमज दूर करण्यासारखा आहे. ‘चाळिशी आली, चयापचय मंदावलं’ हे आपण सगळेच म्हणतो. २०२१ साली ‘सायन्स’मध्ये २९ देशांतल्या ६४००हून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाचा मोठा अभ्यास आला. शरीराचं आकारमान आणि स्नायू हिशेबात धरले तर २० ते ६० या वयात खर्च जवळजवळ स्थिर राहतो, असं त्यात दिसलं. चाळिशीत कमी होतात ते बहुतेक वेळा स्नायू आणि हालचाल. या दोन्हींवर आपला ताबा आहे, म्हणून मला ही फार दिलासा देणारी गोष्ट वाटते.

पायरी २: व्यायाम नसलेल्या साध्या दिवसाचा पाया

आता बीएमआरला एका आकड्याने गुणायचं. हा आकडा निवडताना फक्त एकच दिवस डोळ्यांसमोर आणा: ज्या दिवशी तुम्ही मुद्दाम व्यायाम केला नाही आणि हंगामाचं कामही नव्हतं असा.

खुर्चीतलं काम, येण्याजाण्याला स्कूटर, घरी गॅसवर स्वयंपाक असेल तर १.३५ ते १.४ धरा. दिवसभर दुकानात उभं राहणं, शाळेत वर्गावर्गांत फिरणं, किंवा घरात विहिरीचं पाणी, गुरांचं शेण-चारा, खळं सारवणं, लाकूडफाटा असं सगळं असेल तर १.५५ ते १.६५. रोजच अंगमेहनतीची मजुरी, बागायतीतली खणती, होडीवरचं काम असेल तर १.८ ते २. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी बैठ्या ते हलक्या जीवनाला १.४० ते १.६९, मध्यमला १.७० ते १.९९ आणि कष्टाच्या जीवनाला २ ते २.४० असे पट्टे दिले आहेत. त्यांच्या पट्ट्यांत व्यायामही धरलेला असतो. आपण तो वेगळा काढतोय, म्हणून आपला आकडा थोडा खालचा.

माझा साधा दिवस १.४चा. १२३० × १.४ = १७२२. हा माझा पाया.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे एकच काम दोनदा मोजणं. माझी जाऊ गावच्या घरी राहते. खळं झाडणं, पाणी भरणं, गोठा हे तिला रोजचंच. तिने पाया १.६ धरला की ही कामं त्यात आली. नंतर पुन्हा ‘आज अर्धा तास खळं झाडलं’ म्हणून भर लिहायची नाही. जे रोज होतं ते पायात, जे कधीमधी होतं ते भरीत.

पायरी ३: भर

प्रत्येक हालचालीला एक ‘मेट’ आकडा असतो. शांत बसलेल्या शरीराचा खर्च म्हणजे १ मेट, आणि तो साधारण दर किलो वजनाला तासाला १ कॅलरी पडतो. ४ मेटचं काम म्हणजे बसण्याच्या चौपट. हे आकडे संशोधकांनी १९९३पासून एका मोठ्या यादीत जमवले आहेत आणि ती यादी वेळोवेळी सुधारली जाते. आपल्याला लागणारे काही:

सूर्यनमस्कार, सावकाश: ३.३
सपाटीवर चालणं, ताशी ५ किलोमीटर: ३.५
वजनं उचलण्याचा साधा व्यायाम: ३.५
शेतीचं मध्यम कष्टाचं काम: ४.८
मौजेखातर बॅडमिंटन: ५.५
सायकल, ताशी १६ ते १९ किलोमीटर: ६.८
पळणं, ताशी ८ किलोमीटर: ८.३

सूत्र असं: (मेट − १) × वजन × तास.

त्यातला ‘वजा १’ विसरू नका. तो तास तुम्ही नुसतं बसून काढला असता तरी काही खर्च झालाच असता, आणि तो पायात आधीच धरलेला आहे. हा १ वजा केला नाही तर माझ्या वजनाला दर तासामागे ६० कॅलरी फुकटच्या मोजल्या जातात. चालण्यासारख्या हलक्या व्यायामात ही चूक जवळजवळ ४० टक्क्यांची होते.

माझा आठवडा असा लिहिते. मंगळवार आणि गुरुवार, पाऊण तास चालणं: २.५ × ६० × ०.७५ = ११२, दोन दिवसांचे मिळून २२५. शनिवारी तासभर वजनं: २.५ × ६० = १५०. रविवारी सायकल दोन तास: ५.८ × ६० × २ = ६९६.

रविवारच्या ‘दोन तासां’बद्दल थोडं सांगायला हवं, कारण माणसं सर्वांत जास्त फसतात ती इथे. घरातून निघून परत येईपर्यंत माझे साडेतीन तास जातात. पण हर्णै बंदराजवळ चहा होतो, मासळीच्या लिलावात आज काय आलंय ते बघणं होतं, आणि जाताना दापोलीच्या डोंगरावरून समुद्रापर्यंत उतारच उतार. त्या उतारावर पायडल न मारता सायकल आपसूक धावते, तेव्हा पायांचं काम जवळपास नसतंच. हे सगळं वजा केलं की उरतात दोन तास. पायडल फिरलं तेवढीच वेळ लिहायची.

चालणाऱ्यांसाठी मात्र कोकणातला चढ वेगळा मोजण्यासारखा आहे. सपाटीवर चालताना बसण्यापेक्षा जादा खर्च दर किलो वजनाला दर किलोमीटरमागे साधारण अर्धी कॅलरी येतो. चढ असेल तर दर १०० मीटर उंचीमागे दर किलोला सुमारे १ कॅलरी आणखी मिळवा. म्हणजे ६० किलोच्या माणसाने पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, १०० मीटर उंची चढली तर ६० कॅलरी, अंतराच्या वेगळ्या. खाली पुळणीवरून वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावर, रोज पायी जाणाऱ्या माणसाच्या पायांत किती काम भरलेलं असतं ते यावरून कळतं. अंतर कमी दिसलं म्हणून तुमचं चालणं कमी समजू नका.

मनगटावरच्या घड्याळाचं काय? २०१७ साली स्टॅनफर्डमध्ये मनगटी यंत्रांची तपासणी झाली. हृदयाचे ठोके त्यांपैकी बहुतेक यंत्रं नीट मोजत होती, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत अचूक यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं. त्यात आपली दमट हवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याच वेगाने चाललं तरी अंग थंड ठेवण्यासाठी ठोके वाढतात. घड्याळाला वाटतं काम वाढलं. घड्याळ वापरायचंच असेल तर त्याने एकूण कॅलरी दाखवल्या की फक्त हालचालीच्या, ते आधी तपासा. एकूण आकडा भर म्हणून लिहिलात तर पाया पुन्हा दोनदा मोजला जाईल. मी घड्याळावरून फक्त वेळ आणि अंतर घेते.

पायरी ४: दिवस नको, आठवडा धरा

माझ्या आठवड्याची भर: २२५ + १५० + ६९६ = १०७१. सातने भागली की रोजची १५३. पाया १७२२ + १५३ = १८७५. हा माझ्या साध्या आठवड्याचा रोजचा सरासरी आकडा.

‘खूप सक्रिय’चे २१०० आणि हे १८७५ यांत दिवसाला सव्वादोनशेहून जास्त कॅलरींचा फरक आहे. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. तीन महिन्यांत हा फरक २०,०००च्या वर जातो. माझे दोन किलो तिथून आले.

मग रविवारी सायकल चालवली त्याच दिवशी ६९६ जास्त खायचे की रोज १५३? दोन्ही चालतं, कारण शरीर रात्री बारा वाजता वही बंद करत नाही. पण मी मधला मार्ग घेते. मोठ्या श्रमानंतर मला त्या दिवशी फारशी भूक नसते. खरी भूक सोमवारी सकाळी लागते. आठवड्याच्या एकूण १३,१२५मधून रविवारी २२००, सोमवारी २०००, आणि उरलेले पाच दिवस १७८५. सोमवारी भूक का लागते हे ज्याला ठाऊक नसतं तो स्वतःला खादाड समजून उपाशी राहतो आणि बुधवारी ताटावर तुटून पडतो. तुमची भूक कोणत्या दिवशी येते हे महिनाभर वहीत लिहा आणि वाटणी तिच्याप्रमाणे करा.

पायरी ५: हंगाम आला की

आठवडा पुरत नाही अशा दोन वेळा आमच्या भागात येतात.

पहिली लावणीची. सकाळी आठला शेतात गेलं की दोनला घरी, म्हणजे सहा तास. सहा तास ४.८ मेटने धरले तर माझी भर होते १३६८ आणि दिवस जातो ३०९० वर. हा आकडा खरा आहे का, ते ताडून बघायला एक सोपी कसोटी आहे: दिवसाचा एकूण आकडा भागिले बीएमआर. ३०९० ÷ १२३० = २.५. वर सांगितलेल्या पट्ट्यांची वरची मर्यादा २.४० आहे आणि तेवढा खर्च रोजच्या रोज फार काळ कुणाला झेपत नाही. म्हणजे माझी वेळ चुकली. मग नीट आठवलं. दाढीतून, म्हणजे रोपांच्या वाफ्यातून, रोपं काढून जुड्या बांधताना आम्ही बसलेल्या असतो. पॉवर टिलरने चिखल होईपर्यंत बांधावर थांबतो. दहाला न्याहारी येते. वाकून लावण्याचं काम भरतं चार तास. ३.८ × ६० × ४ = ९१२. दिवस २६३४चा, भागाकार २.१४. हे पटण्यासारखं आहे.

आणखी एक ताळा बघा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२०मध्ये दिलेल्या आकड्यांत ५५ किलोच्या स्त्रीला बैठ्या कामासाठी १६६०, मध्यम कामासाठी २१३० आणि जड कामासाठी २७२० कॅलरी आहेत. ६५ किलोच्या पुरुषाला अनुक्रमे २११०, २७१० आणि ३४७०. तुमचा आकडा या चौकटीच्या फार बाहेर गेला तर आधी वेळ तपासा, मग मेट, मग गुणाकार.

लावणीच्या आठवड्यात सायकल आणि चालणं बंद असतं. त्यांची भर त्या आठवड्यापुरती खोडा. आणि हे वाढीव खाणं त्याच दिवसांत, फार तर नंतरच्या दोन-तीन दिवसांत घ्या. लावणी संपली तरी ताट तेवढंच भरलेलं राहतं. माझं पहिल्या वर्षी असंच झालं: पुढे श्रावणातली पक्वान्नं आली, मग गणपतीचे मोदक, आणि काम मात्र खुर्चीवर परतलेलं.

दुसरी वेळ बंदरावरच्या घरांची, आणि ती उलटी आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते. इथे व्यायाम तोच, पण पायाच बदलतो. समजा ४५ वर्षांचा, ६८ किलोचा, १६५ सेंटिमीटर उंचीचा खलाशी. बीएमआर १४९१. होडीवर जाळी ओढण्याच्या दिवसांत गुणक २ धरला तर २९८२. बंदीत जाळी शिवणं, होडीची डागडुजी असं काम असतं, गुणक १.६, म्हणजे २३८६. रोजचे जवळजवळ ६०० कमी. बंदीच्या ६१ दिवसांत ताट बदललं नाही तर कागदावर साडेचार किलोंहून जास्त वाढ दिसते. प्रत्यक्षात भूकही काहीशी उतरते, त्यामुळे एवढी वाढ होत नाही. पण नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या फेरीत दम लागतो म्हणणाऱ्या काकांना मी हे गणित मांडून दाखवलं तेव्हा त्यांनी त्याच आठवड्यात रात्रीच्या भातातला एक उलथणं कमी केला. एक उलथणं भात म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, सुमारे २०० कॅलरी. अशा माणसाने बंदीसाठी वहीत वेगळं पान करावं.

पायरी ६: आकडा ताटात कसा दिसतो

तांदूळ कच्चा १०० ग्रॅम म्हणजे ३५०च्या आसपास कॅलरी. शिजल्यावर तोच अडीच-तीनशे ग्रॅम भात होतो, म्हणून शिजलेल्या १०० ग्रॅमला सुमारे १३०. कच्चं मोजताय की शिजलेलं, ते प्रत्येक वेळी लिहा. ५० ग्रॅम पिठाची तांदळाची भाकरी सुमारे १८०. मूठभर तांदळाची, म्हणजे ३० ग्रॅमची, पेज १०५. हापूसचा गर २०० ग्रॅम, १२०. दहा-बारा काजू ८५ ते १००.

आमच्या स्वयंपाकात चुकतो तो नारळ आणि तेल. मूठभर खोवलेलं ओलं खोबरं, ३० ग्रॅम, म्हणजे शंभर-सव्वाशे कॅलरी. चहाचा एक चमचा तेल ४० ते ४५. बांगडा तव्यावर रवा लावून तळला तर रव्याने प्यालेलं तेलही आकडा वाढवतं. कालवणातलं वाटण कुणी मोजत नाही, कारण ते दिसत नाही. एकत्र कुटुंबात प्रत्येकाचं वेगळं मोजता येत नाही, तेव्हा मी असं करते: रिकाम्या पातेल्याचं वजन एकदाच करून फडताळाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलं आहे. कालवणात पडणारं खोबरं, तेल, मासे मोजून घालते आणि एकूण कॅलरी लिहिते. तयार झाल्यावर पातेल्यासकट वजन करून रिकाम्याचं वजा करते. माझ्या वाटीत एकूण वजनाचा जेवढा भाग आला, कॅलरीही तेवढा भाग. दोन आठवड्यांत नेहमीच्या दहा-बारा पदार्थांची यादी तयार होते आणि मग रोज काटा काढावा लागत नाही.

पायरी ७: शेवटचा शब्द वजनकाट्याचा

आतापर्यंतचं सगळं अंदाज आहे. हा अंदाज तुमच्या शरीराशी चार आठवडे जुळवून बघायचा. ही पायरी सोडणाऱ्याला आधीच्या सहा पायऱ्यांचा फारसा उपयोग होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, तोच काटा त्याच फरशीवर ठेवून वजन करा. रोजचा आकडा फक्त लिहा, त्यावर निर्णय घेऊ नका. सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीची तुलना सरासरीशी करा. आपल्या हवेत हे जास्तच महत्त्वाचं आहे. मे महिन्यात सायकलवरून आल्यावर माझं वजन किलोभर उतरलेलं दिसतं. ते पाणी असतं, दिवसभरात परत येतं. सुकटीची चटणी, खारं, पापड, लोणचं जास्त झालं की दुसऱ्या दिवशी वजन चढतं, तेही पाणीच. पाळीच्या आधी अनेकींचं वजन एखाद किलो वाढतं, म्हणून बायकांनी तुलना महिन्याच्या त्याच दिवसांशी केलेली बरी. चार आठवडे मी सुचवते ते त्यासाठीच.

चार आठवड्यांनी हे गणित करा:

खरी गरज = रोजच्या खाण्याची सरासरी − (वजनातला फरक × ७७०० ÷ दिवस)

वजन कमी झालं असेल तर फरक उणे येईल आणि ती रक्कम मिळवली जाईल. माझं गेल्या वर्षीचं: २८ दिवसांत सरासरी खाणं १९००, वजन ०.४ किलो वाढलं. ०.४ × ७७०० ÷ २८ = ११०. खरी गरज १७९०. अंदाज १८७५चा होता, म्हणजे ८५ कमी. आता भर १५३ तशीच ठेवून पाया सुधारायचा: १७९० − १५३ = १६३७, भागिले १२३० = १.३३. म्हणजे माझा साधा दिवस १.४चा नसून १.३३चा आहे. हा आकडा माझ्या अंगाचा आहे, तो कुठल्या ॲपमध्ये मिळाला नसता.

खाणं लिहिताना थोडंफार सुटतंच, सगळ्यांचं सुटतं. दर वेळी त्याच पद्धतीने लिहिलंत तर ती तूट या गणितात आपोआप सामावते. पद्धत मध्येच बदलू नका, एवढंच. आणि तपासणीचे चार आठवडे निवडताना लावणी, गणपती आणि शिमगा टाळा.

वजन उतरवायचं असेल तर खऱ्या गरजेतून ३०० ते ४०० कमी करा, आणि तेही पायातून. ज्या दिवशी भर मोठी आहे त्या दिवशी नको. मेहनत जास्त आणि खाणं कमी असं महिनोन्महिने चाललं तर शरीर इतर कामांत काटकसर करू लागतं. सतत थकवा, झोप उडणं, वरचेवर सर्दी-ताप, हाडांना बारीक तडे आणि बायकांमध्ये पाळी लांबणं किंवा बंद होणं ही त्याची लक्षणं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४मध्ये खेळाडूंसाठी याला वेगळं नाव दिलं, पण ते फक्त खेळाडूंपुरतं नाही. पाळी बंद झाली असेल तर वजन उतरवणं ताबडतोब थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.

काही जणांनी हे गणित एकट्याने करू नये. अठराच्या आतल्या मुलामुलींसाठी ही सूत्रं नाहीत. गरोदरपणात रोज ३५० कॅलरी जास्त लागतात. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने ६०० आणि पुढचे सहा महिने ५२०. हा काळ वजन उतरवण्याचा नव्हे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाच्या दिवशी खाणं आणि औषध यांचा मेळ डॉक्टरांना विचारूनच घाला, कारण लावणीच्या मध्यावर साखर एकदम उतरली तर जवळ दवाखाना नसतो. थायरॉइड, मूत्रपिंड यांचा आजार असेल तरीही विचारून. आणि आकडे लिहायला लागल्यावर जेवणाची भीती वाटू लागली असेल तर वही मिटून ठेवा आणि घरातल्या कुणाशी तरी बोला.

वजनात तीन किलोंचा फरक पडला, नोकरी बदलली किंवा व्यायामाचे वार बदलले की पायरी १पासून पुन्हा करा. दुसऱ्यांदा दहा मिनिटं पुरतात. माझ्या वहीत या जूनच्या पानावर चार ओळी आहेत: पाया १६३७. साध्या आठवड्याची भर रोजची १५३. लावणीच्या दिवसाची भर ९१२, दिवस आठ, त्या आठवड्यात सायकल नाही. लावणी संपल्याच्या तिसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिल्या दोन ओळी.